पुण्याहून एका दिवसात नगर: भुईकोट किल्ला आणि रणगाडा संग्रहालय कसं पाहावं

पुण्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाचे शनिवारवाडा, सिंहगड आणि केळकर संग्रहालय पहिल्या वर्षातच बघून होतात. लष्करी इतिहासाची आवड असेल तर पुढचा टप्पा नगर. तिथे निजामशाहीचा भुईकोट किल्ला आहे, त्याच्या आत स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्यांची बराक जपलेली आहे आणि किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. पुण्याहून अंतर साधारण १२० किलोमीटर. सकाळी निघून रात्री जेवायला घरी, असं सहज जमतं.

तरीही बरेच लोक अर्धवट बघून परत येतात. कुणी गेटवरून मागे फिरतं, कुणी शिर्डी-शिंगणापूरच्या नादात किल्ला उरकतं, कुणी पन्नासेक रणगाड्यांसमोर सेल्फी काढून 'सगळे सारखेच दिसतात' म्हणत बाहेर पडतं. या तिन्ही गोष्टी टाळता येतात.

१. आधी हे समजून घ्या: दोन्ही जागा लष्कराच्या ताब्यात आहेत

पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यावर जसं तिकीट काढून आत जाता येतं तसं इथे गृहीत धरू नका. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. रणगाडा संग्रहालय आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने, म्हणजे लष्कराच्या रणगाडा दलाच्या प्रशिक्षण केंद्राने, १९९४ मध्ये उभं केलं आणि तेच चालवतात. लष्कराचा काही कार्यक्रम असेल, कुणी मोठे अधिकारी येणार असतील, सुरक्षेचा इशारा असेल, तर प्रवेश थांबतो किंवा वेळ बदलते. पहाऱ्यावरच्या जवानाशी हुज्जत घालून काही होत नाही. त्याला वरून आलेला आदेश पाळायचा असतो.

म्हणून आदल्या दिवशी संग्रहालयात फोन करून खात्री करून घ्या आणि किल्ल्याबद्दलही त्याच फोनवर विचारा. नगरमध्ये ओळखीचं कुणी असेल तर त्यांना गेटवर चक्कर मारायला सांगणं सगळ्यात भरवशाचं. इंटरनेटवर दिसणाऱ्या वेळा कुणीतरी कधीतरी टाकलेल्या असतात, त्यांच्या भरवशावर पोरांना पहाटे उठवू नका.

२. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं:
- प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र. आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.
- कॉलेजच्या मुलांनी कॉलेजचं ओळखपत्रही ठेवावं, पण आधारच्या जागी नाही, आधारच्या जोडीला.
- गाडी नेत असाल तर आरसी, विमा, पीयूसी. कॅम्पच्या हद्दीत गाडी अडवून विचारणा होऊ शकते.
- शाळेची किंवा मोठ्या ग्रुपची सहल असेल तर लेटरहेडवर नावांची यादी आणि आधी केलेला अर्ज. ३० जणांना घेऊन थेट गेटवर उभं राहणं म्हणजे अर्धा दिवस घालवणं.

घरी आलेला पाहुणा परदेशी पासपोर्टवाला असेल, तर त्याला सोबत नेण्याआधी स्पष्ट विचारून घ्या. लष्करी जागेत परदेशी नागरिकांचे नियम वेगळे असतात आणि तुमच्या आधार कार्डाने त्याचं काम होत नाही.

सामान: टोपी, पाण्याची बाटली, बंद बूट, सुटे पैसे. रणगाडे बहुतेक उघड्यावर मांडलेले आहेत. मार्चनंतर दुपारी लोखंडाला हात लावला तर चटका बसतो, लहान मुलांना आधीच सांगून ठेवा. ड्रोन घरीच ठेवा. दुर्बिणीचीही गरज नाही.

३. दिवस निवडताना

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात खंदकाच्या कडेची हिरवळ सुरेख दिसते, मात्र दगड निसरडे होतात.

काही दिवस टाळाच. १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात आणि नगर रस्त्याची वाहतूक वळवलेली असते. त्या दिवशी या रस्त्याने निघू नका. अंगारकीला रांजणगावपाशी गर्दी असते. शनिवारी अमावास्या आली तर शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या नगरपर्यंत तुमच्या पुढेमागे असतात. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला किल्ल्यात वातावरण छान असतं, पण निवांत बघायचं असेल तर साधा वार बरा.

४. पुण्यातून निघताना

एसटी: शिवाजीनगरच्या, म्हणजे वाकडेवाडीला हलवलेल्या स्थानकातून नगरकडे जाणाऱ्या गाड्या दिवसभर असतात. संभाजीनगर, शिर्डी, जालना, नांदेड अशा लांबच्या गाड्याही नगरवरूनच जातात, त्यामुळे 'नगर' पाटीच्या गाडीची वाट बघत थांबू नका. शहराचं नाव आता अहिल्यानगर आहे. बोर्डावर, आरक्षणाच्या ॲपवर आणि नकाशावर दोन्हीपैकी कुठलंही नाव दिसू शकतं, शोधताना दोन्ही टाकून बघा. वाहकाला 'नगर' सांगितलेलं कळतं.

उतरताना पुण्याच्या गाड्या स्वस्तिक चौकातल्या स्थानकावर, माळीवाड्याला किंवा तारकपूरला थांबतात. कुठेही उतरा, तिथून रिक्षाने किल्ला गाठता येतो. रिक्षावाल्याला 'भुईकोट किल्ला' सांगा आणि भाडं बसायच्या आधी ठरवा.

स्वतःची गाडी: वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपे, नगर. या प्रवासाचं सगळं गणित वाघोली आणि शिक्रापूरवर ठरतं. सहाच्या आत वाघोली ओलांडली तर अडीच-तीन तासांत नगर. आठ वाजता खराडीतून निघालात तर शिक्रापूरच्या चाकण चौकातच तुमचा उत्साह संपेल. नाश्ता शिरूर ओलांडल्यावरच करा.

रेल्वे दौंडमार्गे जाते, वळसा आहे. रेल्वेचीच हौस असेल तरच तो पर्याय.

५. आधी किल्ला, मग रणगाडे

हा क्रम मी मुद्दाम सांगतो. दोन जागांपैकी जिथे अडण्याची शक्यता जास्त, तिथे आधी जावं. किल्ल्याच्या गेटवर 'अकरा वाजता या' असं सांगितलं, तर मधल्या वेळात रणगाडे बघून परत येता येतं. उलट केलंत आणि दुपारी चारला किल्ला बंद मिळाला, तर हातात काही उरत नाही.

गेटवर ओळखपत्र दाखवा, वहीत नोंद करा, कुठपर्यंत जायला परवानगी आहे आणि फोटो कुठे काढायचे नाहीत हे तेव्हाच विचारून घ्या. आत गेल्यावर विचारत बसण्यापेक्षा ते बरं. पहारा, जवान, त्यांची वाहनं आणि राहती घरं यांचे फोटो काढायचे नाहीत, हे सांगितलं नाही तरी पाळायचं.

६. किल्ल्यात काय बघायचं

डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या पुणेकराला हा किल्ला पहिल्या नजरेत बुटका वाटतो. थांबा. खंदकाच्या काठावर उभं राहून तटाकडे बघा. खंदक साधारण ३० मीटर रुंद आहे, आणि बाहेरच्या बाजूची जमीन अशी चढती केली आहे की तटाचा खालचा भाग लांबून दिसतच नाही. शत्रूच्या तोफेला मारा करायचा असतो तटाच्या पायावर, आणि नेमका तोच लपवलेला. आकार जवळपास गोल, कोपरे नाहीत, एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाच्या पायथ्याशी मारा करता येतो. सह्याद्रीत जे काम कडे करतात ते इथे मातीकडून आणि पाण्याकडून करून घेतलं आहे.

मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये शहर वसवलं, तेव्हाचा कोट मातीचा होता. दगडी तट हुसेन निजामशहाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या मध्याला चढला. त्या काळी नगरमध्ये तोफा ओतण्याचं काम पुढारलेलं होतं. विजापूरची प्रसिद्ध मुलूख-मैदान तोफ १५४९ मध्ये नगरलाच ओतली गेली. तोफा ओतणाऱ्यांनाच तोफांची ताकद ठाऊक, त्यामुळे त्यांचा तट असा निघाला यात नवल नाही.

चांदबिबीची लढाई तटाकडे बघतच समजून घ्यावी. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने किल्ल्याला वेढा घातला. मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्या लोकांना पत्ता लागला, त्यांनी उलटे बोगदे खणून काही सुरुंगांतली दारू काढून घेतली. एक सुरुंग मात्र उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. चांदबिबी हातात तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली, हल्ला परतवला आणि रातोरात भिंत पुन्हा उभारली. १५९६ च्या तहात वऱ्हाड मुघलांना द्यावं लागलं, किल्ला मात्र वाचला. दारूगोळा संपल्यावर तिने तांब्याची, रुप्याची, शेवटी सोन्याची नाणी तोफेत भरली असं सांगतात. ती दंतकथा आहे, दंतकथा म्हणूनच मुलांना सांगा. १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

पुढे १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे आला, तोही लढून नाही, किल्लेदाराला पैसे देऊन. नंतर तो शिंद्यांकडे गेला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, ८ तारखेला शहराची पेठ शिड्या लावून घेतली आणि १२ तारखेला किल्ला. आपण पाहिलेल्या देशी किल्ल्यांत वेल्लोर सोडलं तर हाच सगळ्यात मजबूत, असं त्याचं मत होतं. तरी तो चार दिवसांत पडला.

७. नेत्यांची बराक: इथे घाई नको

९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना थेट इथे आणून ठेवलं. नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, आपले शंकरराव देव आणि आणखी काही जण. नेहरू मार्च १९४५ पर्यंत इथेच होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी १९४४ मध्ये, पाच महिन्यांत, याच आवारात लिहिलं.

बहुतेक लोक खोल्यांसमोरून सरळ चालत जातात, फलक वाचतात आणि बाहेर पडतात. त्याऐवजी आधी मधल्या अंगणात उभे राहा. नेहरू या अंगणात बागकाम करायचे, आणि कुदळ मारली की मातीखालून जुन्या इमारतींचे अवशेष लागायचे, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. निजामशाहीच्या पडझडीवर इंग्रजांनी बराक बांधली आणि त्या बराकीत कैदी इतिहास लिहीत बसला. एवढं डोक्यात ठेवून मग खोल्या बघा.

आझादांची खोली शोधा. पहाटे उठून स्वतः चहा करायचा आणि एका मित्राला पत्रं लिहायची, जी पाठवायची सोय नव्हती, हा त्यांचा क्रम. ती पत्रं पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी गेल्या तेव्हा आझाद याच भिंतींच्या आत होते.

याआधीही या किल्ल्याने कैदी पाहिले. १९०१ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतून आणलेले बोअर युद्धकैदी इथे होते.

८. रणगाडा संग्रहालय: आधी पाच शोधा, मग बाकीचे

किल्ल्यावरून रिक्षाने सोलापूर रस्त्याच्या बाजूला जायचं, थोड्याच अंतरावर आहे. तिकीट काढा, कॅमेऱ्याचे नियम विचारा आणि आत शिरल्या शिरल्या ओळीने बघायला लागू नका. सुमारे ५० वाहनं आहेत. विसाव्या वाहनानंतर डोळे काम करेनासे होतात. त्यापेक्षा पुढचे पाच शोधून नीट बघा.

रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट: चिलखती गाडी, संग्रहातलं सगळ्यात जुनं वाहन. श्रीमंतांच्या मोटारीच्या चौकटीवर पोलादी पत्रे आणि वर फिरता टरेट, म्हणजे बंदूक बसवलेला घुमट. रणगाडा येण्याआधी लोक कसा विचार करत होते ते यात दिसतं.

जपानी टाइप ९५ हा-गो: याचा पत्रा बघा. जाडीत जाडी जागी १२ मिलिमीटर. शेजारी कुठे ब्रिटिश चर्चिल किंवा मॅटिल्डा दिसला की त्याच्या पुढच्या भागाशी तुलना करा. जपानला जंगलातून वेगाने जायचं होतं, इंग्रजांना पायदळाच्या बरोबरीने हळूहळू. दोघांनी आपापल्या गरजेप्रमाणे लोखंड वापरलं. व्हॅलेंटाइन रणगाडा सापडला तर त्याच्यावरचे रिव्हेट आणि बोल्टची डोकी हाताच्या अंतरावरून बघा. गोळा बाहेर आदळला की ही डोकी तुटून आत उडायची आणि आतल्या माणसांना जखमी करायची. पुढच्या पिढीत रणगाडे ओतीव आणि वेल्डिंगचे झाले, त्यामागे हेही एक कारण होतं.

शर्मन क्रॅब: याच्या पुढे एक आडवा रूळ आहे आणि त्याला साखळ्या लोंबतात. रूळ फिरला की साखळ्या जमीन झोडपत जायच्या आणि पेरलेले सुरुंग रणगाड्याच्या पुढेच फुटायचे. मुलं इथे सगळ्यात जास्त वेळ रमतात.

एएमएक्स-१३: फ्रेंच, हलका, ७५ मिलिमीटर तोफेचा. टरेट नीट बघा, ते दोन भागांत आहे आणि वरचा अर्धा भाग तोफेसकट वरखाली होतो. हलका असल्यामुळेच १९६२ मध्ये हे रणगाडे विमानाने लडाखमध्ये चुशूलला उतरवता आले.

पॅटन आणि सेंचुरियन: हे दोन जोडीनेच बघायचे. १९६५ मध्ये पाकिस्तानकडे अमेरिकन पॅटन होता, आपल्याकडे ब्रिटिश सेंचुरियन. कागदावर पॅटन नवा आणि सरस. खेमकरणजवळ असल उत्तरच्या ओल्या उसाच्या शेतांत तो रुतला आणि आपल्या सैन्याने तिथे कितीतरी पॅटन बाद केले. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेने पॅटन उडवले, तेही याच लढाईत. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

वेळ उरला तर ८८ मिलिमीटरची जर्मन तोफ बघा. विमानं पाडायला बनवलेली, पण नळी आडवी केली की त्या काळचा जवळपास कुठलाही रणगाडा फोडायची. जुन्या परदेशी रणगाड्यांपेक्षा देशी रणगाडा बघायचा असेल तर आवडीला बनलेला विजयंत शोधा. (आवडी म्हणजे चेन्नईजवळचं गाव.)

९. पुणेकराने विशेष बघायची गोष्ट

पूना हॉर्स ही पलटण १८१७ च्या पुणे तहानंतर उभी राहिली. तिची नाळ या शहराशी आहे, आणि रणगाड्यांच्या लढाईतले दोन परमवीर एकट्या याच पलटणीचे.

पहिले लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर. पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत शिकलेले. सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर फिलोराच्या लढाईत जखमी झाले, मागे जायला नकार दिला आणि १६ तारखेला बुटूर डोगरांडीजवळ वीरगतीला प्राप्त झाले.

दुसरे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत, आणि तिथल्या संचलन मैदानाला आज त्यांचंच नाव आहे. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. रणगाडा पेटला होता, बाहेर पडायचा आदेश आला होता. तोफ चालू आहे म्हणून ते आतच थांबले. वय २१. त्यांच्या सेंचुरियनचं नाव होतं 'फामागुस्ता', आणि तो नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. सध्या कुठे ठेवला आहे आणि बघता येईल का, ते संग्रहालयातल्या जवानाला विचारा. नुसतं 'मोठा रणगाडा कुठे आहे' विचारण्यापेक्षा 'खेत्रपालसाहेबांचा रणगाडा' म्हणून विचारलंत, तर पुढची माहिती तो आपणहून सांगण्याची शक्यता जास्त.

१०. नेहमीचे सापळे

रणगाड्यावर चढणं. मुलांचा फोटो छान येतो हे खरं, पण मनाई असते आणि पट्ट्याच्या कडा धारदार असतात.

'चांदबिबी महाल'. रिक्षावाले आणि हॉटेलवाले डोंगरावरची उंच इमारत या नावाने दाखवतात. ती प्रत्यक्षात निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे, चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही. पाथर्डी रस्त्याला आहे, जागा सुंदर, संध्याकाळी नगर शहर दिसतं. पण किल्ला आणि संग्रहालय झाल्यावरच.

फराह बाग. निजामशाही महाल, संग्रहालयाच्या जवळच, आणि ज्यांना वास्तुकलेची आवड आहे त्यांनी चुकवू नये. लष्करी हद्दीतून वाट असल्याने आधी विचारूनच वळा.

एकाच दिवसात शिर्डी. नको. किल्ला, बराक आणि संग्रहालय यांना मिळून पाच तास द्या. देवदर्शन करायचंच असेल तर परतीच्या वाटेवरचा रांजणगावचा गणपती पुरेसा आहे, रस्त्यालगत आहे आणि तिथे गाडी लावायला जागाही मिळते.

जेवण. किल्ल्यात किंवा संग्रहालयात पूर्ण जेवणाच्या भरवशावर राहू नका. दुपारी माळीवाड्याकडे परत येऊन जेवा किंवा डबा न्या, आणि डबा संग्रहालयाच्या हिरवळीवर उघडण्याआधी परवानगी विचारा.

११. परतताना

चारपर्यंत नगर सोडा. रांजणगाव एमआयडीसीच्या पाळ्या सुटल्या की बस, टेम्पो आणि दुचाकी एकदम रस्त्यावर येतात आणि शिक्रापूरपासून पुढे मुंगीच्या गतीने जावं लागतं. एसटीने येणाऱ्यांनी माळीवाड्यावरून सुटणाऱ्या गाडीत बसायची जागा मिळत नसेल तर पुढची बघावी, कारण वाघोलीत तासभर उभं राहण्याची वेळ येऊ शकते. उशीरच झाला असेल तर सुप्याला जेवून घ्या आणि आठनंतर निघा, तोवर रस्ता बराच मोकळा होतो.